पडदे रंगवणाऱ्याचा सिनेमा

यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात बोरी अरब हे गाव आहे. कापसाचा पट्टा, पावसाच्या भरवशावरचं वावर आणि पेरणीच्या तोंडावर पैशाची जुळवाजुळव करत फिरणारा कास्तकार. ‘सावकारी पाश’ नावाचा चित्रपट कशाबद्दल असेल, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. तो चित्रपट 1925 सालचा आहे. तो मूक आहे. आणि तो ज्याने बनवला त्या माणसाला दिग्दर्शन कुणी शिकवलेलं नव्हतं, छायाचित्रण कुणी शिकवलेलं नव्हतं, इतकंच काय, चित्रकलाही कुणी वर्गात बसवून शिकवलेली नव्हती. ज्या कॅमेऱ्यावर त्याच्या कंपनीचं चित्रीकरण सुरू झालं, तोसुद्धा त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी घरीच घडवला होता.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री. जन्म कोल्हापूरचा, 3 जून 1890. वडील कृष्णराव हे हरहुन्नरी कारागीर. लाकूड, धातू, रंग यांपैकी कशालाही हात लावायला त्यांना संकोच नव्हता. घरात हत्यारं होती, कामं येत होती, आणि मुलगा बघत बघत शिकत होता. चुलतभाऊ आनंदराव वयाने जवळपास बरोबरीचे, आणि तितकेच हुन्नरी. दोघांनी मिळून व्यक्तिचित्रं रंगवली, मूर्ती घडवल्या, आणि पुढे जे काम हाती घेतलं त्याने त्यांचं आडनावच मागे पडलं. ते काम म्हणजे नाटक कंपन्यांचे पडदे, आणि त्यावरून पडलेलं नाव ‘पेंटर’.

1910 ते 1916 या काळात संगीत रंगभूमी भरात होती. केशवराव भोसल्यांची ‘ललितकलादर्श’, बालगंधर्वांची ‘गंधर्व नाटक मंडळी’, शिवाय गुजराती आणि पारशी कंपन्या. या कंपन्यांना राजवाडे हवे असत, अरण्यं हवी असत, नदीकाठचे घाट हवे असत. हे सगळं कापडावर उभं राहायचं. पेंटर बंधूंचे पडदे उघडले की गाणं सुरू व्हायच्या आधीच टाळी पडायची, अशी त्यांची ख्याती होती. सपाट कापडावर खोली कशी दाखवायची, दिव्यांच्या उजेडात कोणता रंग उठतो आणि कोणता मरतो, शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसाला काय दिसतं, हे सगळं या काळात त्यांच्या हाताला कळलं. बाबूरावांच्या चित्रपटांच्या शैलीचा उगम शोधायचा तर या पडद्यांपाशीच जावं लागतं.

1913 साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. पेंटर बंधूंनी तो पाहिला आणि त्यांचं सगळं लक्ष हलत्या चित्राकडे लागलं. इथे फाळके आणि बाबूराव यांच्यातला एक फरक ध्यानात घेण्यासारखा आहे. फाळके मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले होते. 1912 साली ते लंडनला गेले, तिथल्या लोकांना भेटले आणि विल्यमसन कॅमेरा विकत घेऊन परतले. त्यांनीही कमी हाल सोसले नाहीत. पण कोल्हापूरच्या या दोन भावांपुढे तो रस्ताच नव्हता. विलायत लांब राहिली, मुंबईत नवा कॅमेरा घ्यायलाही पैसे नव्हते. त्यांनी मुंबईच्या चोरबाजारात एक जुना प्रोजेक्टर मिळवला, कोल्हापुरात चित्रपट दाखवायला सुरुवात केली, आणि रोज दाखवता दाखवता त्यांचा अभ्यास सुरू झाला.

त्या अभ्यासात काय असेल, हे यंत्राकडे पाहिलं की कळतं. प्रोजेक्टरमध्ये फिल्मची पट्टी सरळ धावत नाही. ती एक चौकट पुढे सरकते, थांबते, तेवढ्यात झडप उघडते आणि उजेड त्या चौकटीतून पडद्यावर जातो. मग झडप मिटते आणि पट्टी पुन्हा एक चौकट सरकते. मूकपटाच्या जमान्यात हे साधारणपणे सेकंदाला सोळा वेळा व्हायचं. पट्टीच्या कडेच्या भोकांत अडकणारा दात, तिला ओढणारी रचना, झडपेचं चक्र आणि या सगळ्यांचा एकमेकांशी जुळलेला वेळ, हे एकदा हाताने उलगडलं की कॅमेऱ्याचं मर्मही उलगडतं. प्रोजेक्टरमधून उजेड बाहेर जातो, कॅमेऱ्यात तो आत येतो. बाकी दोन्हीकडे पट्टीचं तेच सरकणं आणि तेच थांबणं. लेथवर काम करता येणाऱ्या, लाकूड आणि पितळ हाताळलेल्या माणसाला हे जमण्यासारखं होतं. सोपं मात्र अजिबात नव्हतं. दात केसभर चुकला तर चित्र थरथरतं, पेटीत बारीकशी फट राहिली तर पट्टी खराब होते, आणि चूक कळते ती फिल्म धुतल्यावर, पैसे खर्च झाल्यावर.

आनंदराव या कॅमेऱ्याच्या मागे लागले होते. 1916 साली ते गेले. यंत्र अर्धवट राहिलं. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांना बरोबर घेऊन ते काम नेटाने पुढे नेलं आणि 1918 च्या सुमाराला कॅमेरा चालू झाला. दरम्यान 1917 च्या अखेरीस ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ उभी राहिली होती. तिच्या भांडवलात गायिका तानीबाई कागलकर यांचा मोठा वाटा होता. गाण्यातून कमावलेला पैसा एका कलावतीने, उद्या चालेल की नाही याची कुणालाच खात्री नसलेल्या धंद्यात घातला. मराठी चित्रपटाच्या इतिहासात तानीबाईंचं नाव एका ओळीत उरकलं जातं, ते मनाला लागतं. छत्रपती शाहू महाराजांचा आश्रयही या मंडळींना लाभला. कुस्ती, गाणं, नाटक, चित्रकला यांना दरबारातून बळ मिळत होतं. अशा गावात चित्रपट कंपनी निघाली यात नवल वाटायला नको.

पहिला प्रश्न आला तो नट्यांचा. फाळक्यांच्या चित्रपटात तारामतीची भूमिका एका पुरुषाने, साळुंक्यांनी केली होती. बाबूरावांना ते मान्य नव्हतं. कॅमेरा जवळ जातो, आणि रंगभूमीवर खपणारा स्त्रीवेष तिथे उघडा पडतो, हे चित्रकाराच्या नजरेला आधीच दिसलं असणार. पण घरंदाज बायका कॅमेऱ्यासमोर यायला तयार नव्हत्या आणि सुरुवातीचा बेत त्यापायी बारगळला. शेवटी गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघी तयार झाल्या. पडद्यावर त्या कमलादेवी आणि सुशीलादेवी झाल्या. त्याची किंमत त्यांना लगेच चुकवावी लागली. त्यांच्याच समाजाने त्यांना वाळीत टाकलं आणि स्टुडिओच्या आवारात त्यांना आसरा घ्यावा लागला.

‘सैरंध्री’ 7 फेब्रुवारी 1920 रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. गोष्ट महाभारतातली, कीचकवधाची. पण पुण्याच्या प्रेक्षकाला ती नुसती महाभारतातली वाटणं शक्य नव्हतं. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’ नाटक 1907 साली रंगभूमीवर आलं होतं, त्यातल्या कीचकात लोकांनी लॉर्ड कर्झन ओळखला होता आणि 1910 साली सरकारने त्या नाटकावर बंदी घातली होती. तोच कीचक आता पडद्यावर आला होता. झुंजारराव पवारांचा कीचक आणि बाळासाहेब यादवांचा भीम, दोघेही दणकट अंगाचे. वधाचं दृश्य इतकं खरं उतरलं की सेन्सॉरने त्यावर कात्री चालवली. लोकमान्य टिळकांनी चित्रपट पाहिला आणि बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. त्यानंतर सहाच महिन्यांत लोकमान्य गेले.

या यशामागे तंत्राचा भाग मोठा होता. नाटकातला सपाट रंगवलेला पडदा कॅमेऱ्यासमोर लगेच कापडासारखाच दिसतो. ज्याने वर्षानुवर्षं पडदे रंगवले, त्यानेच चित्रपटातून पडदे काढून टाकले. बाबूरावांनी लाकडाचे, मातीचे, खोली असलेले देखावे उभारले, ज्यांत माणूस खांबाच्या मागून येऊ शकेल, पायरीवर बसू शकेल, दाराच्या सावलीत उभा राहू शकेल. प्रत्येक दृश्याची रेखाटनं ते आधी कागदावर करत. कोण कुठे उभा, हात कसा, वस्त्र कसं, दागिना कोणता. नटाला समजावून सांगण्याऐवजी चित्रच पुढे ठेवायचं, अशी ही रीत. हालचालीचा प्रत्येक टप्पा आधी रेषेत पकडायचा आणि मग माणसाकडून करवून घ्यायचा, असं त्यांच्या दिग्दर्शनाचं थोडक्यात वर्णन करता येईल.

रंगांचा हिशोबही त्यांना वेगळा मांडावा लागला. त्या काळची फिल्म लाल रंगाला जवळपास आंधळी होती. लाल शालू पडद्यावर काळा यायचा, निळं आकाश कोरं पांढरं व्हायचं, सावळा चेहरा आणखी काळवंडायचा. म्हणजे डोळ्यांना दिसणारं दृश्य आणि फिल्मवर उतरणारं दृश्य ही दोन वेगळी चित्रं होती. हे ज्याला मनात उलटवून बघता येतं त्यालाच देखाव्याला कोणता रंग द्यायचा हे ठरवता येतं. बाबूरावांच्या चित्रपटांतल्या छायाप्रकाशाचं कौतुक त्यांच्या समकालीनांनी पुन्हा पुन्हा केलं आहे, ते या तयारीमुळे.

1923 च्या ‘सिंहगड’मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. गोष्ट हरी नारायण आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवरची. तानाजीची चढाई रात्रीची, आणि तोवरचे आपले बहुतेक चित्रपट उन्हावर अवलंबून. पांढऱ्या कापडातून गाळलेलं ऊन आणि ते परतवणारे फळे एवढ्यावरच चित्रीकरण भागायचं. बाबूरावांनी दिवे लावले आणि रात्र रात्रीसारखी दाखवली. शेलारमामाच्या भूमिकेत कंपनीतला एक तरुण होता, शांताराम वणकुद्रे. झाडलोटीपासून पडेल ते काम करत तो इथे शिकत होता. ‘सिंहगड’ला इतकी गर्दी लोटली की महसूल खात्याचं लक्ष चित्रपटगृहांकडे वळलं, आणि त्याच सुमाराला मुंबई इलाख्यात आलेल्या करमणूक कराशी इतिहासकार या चित्रपटाचं नाव जोडतात.

जाहिरातही बाबूराव स्वतः करत. चित्रपटाची माहिती आणि छायाचित्रं असलेली पुस्तिका काढण्याची प्रथा त्यांनी 1921–22 च्या सुमारास सुरू केली. भित्तिपत्रकं ते स्वतः रंगवत. त्यांच्या 1924 च्या ‘कल्याण खजिना’चं भित्तिपत्रक हे आज शिल्लक असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट भित्तिपत्रकांत गणलं जातं.

आता ‘सावकारी पाश’.

गोष्ट नारायण हरी आपट्यांची. एक शेतकरी, त्याची जमीन, खोटा कागद करणारा सावकार. जमीन जाते. शेतकरी शहराची वाट धरतो आणि गिरणीत मजूर होतो. शेतकऱ्याच्या भूमिकेत शांताराम होते, त्याच्या बायकोच्या भूमिकेत कमलादेवी. देव नाही, राक्षस नाही, तलवार नाही, गड नाही. पुराणकथांवर चाललेल्या धंद्यात स्वतःच्या भरभराटीच्या काळात हा विषय घेणं हे धाडस होतं, आणि ते केलं एका अशा माणसाने, ज्याची ख्याती भव्य देखाव्यांबद्दल होती. इथे त्याने झोपडी उभी केली. चित्रपट दिग्दर्शक जे. बी. एच. वाडियांना हा मूकपट पुसटसाच आठवत होता; फार वर्षांनी आठवणी लिहिताना त्यांच्या मनात ठसून राहिलं होतं ते बाबूरावांनी याच गोष्टीवर पुढे केलेल्या बोलपटातलं एक दृश्य. लांबून घेतलेली ती उदास झोपडी, मंद उजेड आणि विव्हळणारं कुत्रं.   चित्रकाराने उजेड कमी करून काय साधलं, हे यावरून समजावं.

या कथेमागे महाराष्ट्राचा अर्ध्या शतकाचा इतिहास होता. 1875 साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि गहाणखतं जाळायला सुरुवात केली. लोकांनी माणसं मारली नाहीत, कागद जाळले. त्यातून 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला. कायदा आला तरी सावकार गेला नाही. वऱ्हाडात कापसाने पैसा आला तसा कर्जाचा व्यवहारही वाढत गेला, आणि हंगामाआधी घेतलेलं कर्ज हंगामानंतर न फिटणं ही तिथली जुनी कहाणी झाली. 2014 साली महाराष्ट्राला सावकारी नियमनाचा नवा कायदा करावा लागला, यावरून त्या पाशाची पकड कळते. 2009 साली सतीश मनवर यांनी ‘गाभ्रीचा पाऊस’ केला. त्यातही विदर्भातला कापसाचा शेतकरी आहे. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर आपला नवराही तसंच करील या धास्तीने त्याच्या मागावर राहणारी बायको आहे. दोन चित्रपटांत 84 वर्षांचं अंतर आहे. बाबूरावांचा शेतकरी निदान शहरात जाऊन गिरणीत लागला. बोरी अरबच्या आसपासच्या गावांतल्या कित्येक घरांत 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून जे घडलं, ते त्यांच्या कथेपेक्षा अधिक क्रूर होतं.

बिमल रॉयचा ‘दो बीघा जमीन’ 1953 चा. जमीन वाचवायला शहरात जाणारा शेतकरी म्हटलं की देशाला तो आठवतो, आणि ते योग्यच आहे. पण त्याआधी 28 वर्षं कोल्हापुरात हीच वाट एका स्वयंशिक्षित दिग्दर्शकाने चोखाळली होती. इटलीतला वास्तववादी चित्रपट जन्माला यायला अजून दोन दशकं होती. बाबूरावांसमोर नमुना नव्हता. त्यांनी आजूबाजूला पाहिलं.

प्रेक्षक मात्र आला नाही. पुराणातले चमत्कार बघायला येणाऱ्यांना स्वतःच्याच घरातलं दुःख पैसे देऊन बघायचं नव्हतं. त्यांना दोष देता येत नाही, पण त्यामुळे जे झालं ते मोठं नुकसान होतं. कंपनी पुन्हा पौराणिक आणि ऐतिहासिक विषयांकडे वळली. ‘सावकारी पाश’ चालला असता तर मराठी मूकपटाने पुढची पाच-सहा वर्षं कोणती वाट धरली असती, हा विचार सोडवत नाही.

बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेली माणसं पाहिली की थक्क व्हायला होतं. दामले, कागलचे शेख फत्तेलाल, केशवराव धायबर, शांताराम. ही माणसं एका छताखाली जेवत, झोपत आणि काम करत होती. लेथ चालवणारा कॅमेराही चालवत होता, देखावे उभारणारा तोंडाला रंग लावून उभा राहत होता. पुढे 1 जून 1929 रोजी या चौघांनी सीताराम कुलकर्णींसह कोल्हापुरात ‘प्रभात फिल्म कंपनी’ काढली. बाबूरावांना हा धक्का मोठा होता. ज्या हातांवर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी होती ते हातच गेले. पण ‘प्रभात’च्या चित्रपटांतले देखावे, उजेड, चौकटीची मांडणी पाहताना मूळ शाळा कोणती ते लपत नाही. दामले आणि फत्तेलालांच्या 1936 च्या ‘संत तुकाराम’मधलं देहू कुठेही बेगडी वाटत नाही. त्या साधेपणामागे बाबूरावांच्या स्टुडिओत घातलेली वर्षं आहेत.

1931 साली बोलपट आला. बाबूरावांना त्याचं कौतुक वाटलं नाही. इतक्या कष्टाने घडवलेली चित्रांची भाषा आता बोलण्याखाली दबून जाईल, असं त्यांचं मत होतं. सुरुवातीच्या बोलपटांत नट मायक्रोफोनभोवती खिळून उभे राहत आणि कॅमेरा आवाज होईल म्हणून कोंडून ठेवावा लागे, हे लक्षात घेतलं तर त्यांची भीती वावगी म्हणता येत नाही. मात्र धंदा कुणासाठी थांबत नाही. महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. बाबूराव पुन्हा चित्रं आणि शिल्पांकडे वळले. अधूनमधून ते चित्रपटाकडे येत राहिले. ‘शालिनी सिनेटोन’साठी 1935 ला ‘उषा’, आणि 1936 ला पुन्हा तोच ‘सावकारी पाश’, आता बोलका. अकरा वर्षांपूर्वी न चाललेला विषय पुन्हा करायला घेतला, यात त्यांचा त्या गोष्टीवरचा विश्वास दिसतो. 1937 ला ‘प्रतिभा’ आला.

नंतरची वर्षं शांत गेली. 1947 साली शांतारामांनी, आता मुंबईत ‘राजकमल’चे मालक असलेल्या त्यांच्या जुन्या शिष्याने, ‘लोकशाहीर रामजोशी’साठी त्यांना बोलावून घेतलं. दिग्दर्शनात गुरूचं नाव आलं. 16 जानेवारी 1954 रोजी कोल्हापुरात बाबूराव गेले. कोल्हापूर त्यांना कलामहर्षी म्हणतं.

त्यांच्या मूकपटांपैकी जवळजवळ काहीच उरलेलं नाही. 1927 च्या ‘मुरलीवाला’चा तुकडा आहे. ‘सैरंध्री’ नाही, ‘सिंहगड’ नाही, आणि ज्याच्यासाठी जीव तुटतो तो 1925 चा ‘सावकारी पाश’ही नाही. देशात 1300 हून अधिक मूकपट निघाले आणि त्यांतले मोजकेच हाती लागले, तेव्हा कोल्हापूरचं नुकसान हे एकट्या कोल्हापूरचं नव्हे. नायट्रेटची फिल्म पटकन पेट घेते, ओलीत कुजते, आणि तिच्यातल्या चांदीसाठी ती विकलीही जात असे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात 1964 साली स्थापन झालं, बाबूराव गेल्यानंतर दहा वर्षांनी. ‘प्रतिभा’ मात्र टिकला आहे. मोठे देखावे, त्यांत फिरणारी गर्दी आणि उजेडाची ती जाणती मांडणी, हे सगळं त्यात डोळ्यांनी बघता येतं. अमरावती, अकोला, यवतमाळ इथल्या महाविद्यालयांनी आणि चित्रपट मंडळांनी तो मागवावा, मोठ्या पडद्यावर दाखवावा, आणि त्याच दिवशी ‘गाभ्रीचा पाऊस’ही लावावा.